पाचवीची मुलं घडाघडा वाचतात, पण अर्थ विचारला की गप्प

वारणाकाठ
नमस्कार. वाळवा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, पट 28. धडा वाचायला सांगितला की मिनिटाला 80-90 शब्द सहज जातात. पण "त्यानं असं का केलं असेल?" विचारलं की पुस्तकातलं अख्खं वाक्य उचलून देतात, नाहीतर एकमेकांकडं बघतात. गणितातही तेच. फळ्यावर मांडून दिलं की सोडवतात, शाब्दिक उदाहरण आलं की "सर, बेरीज का वजाबाकी?" तीन मुलं ऊसतोडीच्या कुटुंबांतली, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावी जाणार. रोज 10 शब्दार्थ वहीत लिहून घेतोय, फरक शून्य. वाचनाचा सराव वाढवू का?

अजिंक्यतारा
थांबा, आधी बिघाड कुठं आहे ते बघा. वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: छापलेला शब्द उलगडता येणं, म्हणजे अक्षरांवरून बिनचूक वाचता येणं, आणि ऐकलेली भाषा कळणं. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये हे मांडलं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य.

तपासणीला मुलामागं सात-आठ मिनिटं लागतात. साधारण 100 शब्दांचे, सारख्याच अवघडपणाचे दोन उतारे घ्या. पाठ्यपुस्तकातले नकोत, तो धडा चार वेळा ऐकून पाठ झालेला असतो, डोळे नुसते ओळीवर फिरतात. एक उतारा मूल वाचेल, दुसरा तुम्ही वाचून दाखवा. प्रत्येकावर चार तोंडी प्रश्न. ऐकलेलं कळलं आणि वाचलेलं नाही, तर अडचण उलगडण्यात. दोन्हीकडं गप्प, तर अडचण शब्दांचे अर्थ कळण्यात. तुमच्या वर्णनावरून बहुतेक वर्ग दुसऱ्या गटातला दिसतो, पण वेगानं वाचणाऱ्यांत पहिल्या गटातली मुलं लपलेली असतात. ती शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देतात.

त्यांच्या चुका टिपून ठेवा. घ-ध, भ-म हे नेहमीचंच. मराठीत खरी मेख सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलतो तिथं असते. 'पाणी' वाचता येतं, 'पाण्याखालून' अडतं. 'रस्ता' येतो, 'रस्त्यावरच्या' येत नाही, कारण ओळखीच्या शब्दात अचानक नवं जोडाक्षर घुसतं. मग एकाच शब्दाची सगळी रूपं एकाखाली एक लिहून वाचून घ्या: रस्ता, रस्ते, रस्त्याला, रस्त्यावरून, रस्त्यावरच्या. रोज दोन शब्द, पाच मिनिटं. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी लिहून मोठ्यानं म्हणायला लावा, आघात कुठं बदलतो ते कानालाच कळतं.

वेगाच्या मागं लागू नका. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे. आणि आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'मुलांसाठीसुद्धा' हा मोजताना एकच शब्द. इंग्रजीचे आकडे इथं लावून उपयोग नाही.

माणदेशी
वरचं सगळं मान्य. शब्दार्थाची वही मात्र आजच बंद करा. 'उर्वरित = शिल्लक' लिहिणाऱ्या मुलाला दोन्ही शब्द माहीत नसतात. एका कोड्याचं उत्तर दुसरं कोडं.

शब्दांचे तीन ढीग करा. रोजच्या बोलण्यातले शिकवायची गरज नाही. 'बाष्पीभवन', 'छेद' असे विषयाचे शब्द त्या त्या तासाला येतातच. मधल्या ढिगातले शब्द कोणीच शिकवत नाही आणि ते भेटतात सगळीकडं: उर्वरित, अनुक्रमे, प्रत्येकी, किमान, परिणाम, अभाव, तुलना, वगळता. तुमची शाब्दिक उदाहरणं इथंच अडलीत.

दिवसाला 10 नकोत, आठवड्याला आठ पुरेत. 'अनुक्रमे' घ्या. आधी बोलीत सांगा: "ज्या वळीनं नावं घेतली, त्याच वळीनं आकडं." मग दोन मुलं उभी करा, एकाच्या हातात तीन खडू, दुसऱ्याच्या हातात पाच, आणि वाक्य बोला. आता मुलांची जागा बदला, पण खडू ज्याचे त्याच्याकडंच राहू द्या. वाक्य कसं बदलेल? मग वाक्यात मुद्दाम चूक करा आणि ती पकडू द्या. त्याच आठवड्यात तो शब्द गणितात, भूगोलात, हजेरी घेतानाही वापरा. एकदाच भेटलेला शब्द टिकत नाही, वेगवेगळ्या संदर्भांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. शुक्रवारी पाच मिनिटं तोंडी उजळणी, त्यात तीन आठवड्यांपूर्वीचे दोन शब्द हवेतच.

"वाक्यात उपयोग करा" पहिल्या दिवशी सांगू नका. 'मला उर्वरित आवडते' असली वाक्यं येतात आणि चूक आपली असते. अर्धं वाक्य द्या: "डब्यात चार चपात्या होत्या, मी एक खाल्ली, उर्वरित..." पुढचं मूल पूर्ण करील.

आणि शब्द फोडायला शिकवा. शुद्ध, अशुद्ध, शुद्धी, शुद्धीकरण. जलशुद्धीकरण केंद्राची पाटी वाचून दाखवा, मग वीज-विद्युतीकरण, रुंद-रुंदीकरण मुलं स्वतः लावतात. एका 'करण'मध्ये पाठ्यपुस्तकातले कितीतरी शब्द सुटतात.

जतची पाटी
एक भर. आमच्याकडं जत तालुक्यात पूर्वेला बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात. अशा मुलाला अर्थ आधी घरच्या भाषेत सांगू द्या, मराठी वाक्य नंतर. कल्पना डोक्यात असेल तर नुसतं नाव बदलायचं असतं. ऊसतोडीच्या मुलांचंही तसंच. त्यांचा शब्द वेगळा असला तर 'चूक' म्हणू नका, फळ्यावर दोन्ही लिहा. जाताना प्रत्येकाला 8-10 पातळ पुस्तकं आणि शिकवलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून द्या. पुस्तकं परत येतीलच असं नाही, तेवढं सोसावं.

वारणाकाठ
तिघांचेही, म्हणजे तुम्हा सगळ्यांचे आभार. मी उलगडणं आणि समजणं एकच धरून चाललो होतो. दोन शंका: वेळ कुठून काढायचा? आणि आमच्या कपाटातली पुस्तकं एक तर पहिलीची, नाहीतर थेट जाडजूड चरित्रं.

अजिंक्यतारा
वेळ शब्दार्थ लिहून घेण्याचा वाचला, तोच घ्या. रोज 15 मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचायचं, मुलं स्वतः वाचू शकतात त्यापेक्षा थोडं अवघड. बोलण्यात न येणारे शब्द तिथूनच कानावर पडतात. 15 मिनिटांत तीनच ठिकाणी थांबा: एकदा अवघड शब्दाला, चार सेकंदांत अर्थ सांगून पुढं, एकदा "आता काय होईल?", एकदा उत्तर छापलेलं नाही असा प्रश्न. त्याहून जास्त थांबलात की गोष्ट मरते. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. आपण दुसऱ्याच सेकंदाला उत्तर सांगून टाकतो, म्हणून मुलं गप्प राहायला शिकतात.

पुस्तकांसाठी: बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे अंक संकेतस्थळावर फुकट आहेत, पाचवीला अगदी नेमके. स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या मोफत संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या असतात. दुसरी-तिसरी पातळी छापून शिवा. माहितीपर वाचनासाठी वाईच्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी बघा, पण त्या तशाच देऊ नका, एक परिच्छेद निवडून चार अवघड शब्द आधी सांगा.

माणदेशी
सहल काढणार असाल तर महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार बघा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत बसून वाचायची सोय. फक्त स्ट्रॉबेरी आणि फोटोत दिवस घालवू नका. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटाला एक घर आणि सलग दीड तास.