बंद घरात वाळलेला अरेका पाम आणि मनीप्लांट: वाचतील का?

लातूरकरीण: भाड्याच्या नव्या घरात आधीच्या मंडळींनी दोन कुंड्या मागं सोडल्यात. घर ऐन उन्हाळ्यात बंद होतं. पानं पापडासारखी झालीत. पाणी घातलं की लगेच खालून बाहेर. आमचे हे म्हणतात फेकून दे, पण मन होईना. काय करावं?

परभणीचा माळी: ताई, आधी जीव आहे का बघा. मनीप्लांटची वेल नखानं खरवडा, आत हिरवं दिसलं तर आशा आहे. कुंडीत काळी माती असणार, आपल्याकडं सगळे शेतातलीच आणून भरतात. ती वाळली की आकसते, कडेनं फट पडते, पाणी तिथूनच निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. टबात पाणी घेऊन कुंडी अर्धी बुडेल अशी ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग निथळू द्या. त्यानंतर वरची माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही! काळी माती एकदा भिजली की ओल सोडत नाही. रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात.

जालनेकर: पाणी बोअरचं आहे का? कूलरच्या टाकीत उरलेलं किंवा आरओचं वाया जाणारं तर अजिबात नको, त्यात क्षार जास्त. अरेकाची टोकं त्यानंही करपतात. एसीचं पाणी चालतं.

लातूरकरीण: बोअरचंच. नळाला रोज कुठं येतंय! मातीवर पांढरा थर आहे खरा. मनीप्लांट हिरवा निघाला. पामचं कसं बघू?

परभणीचा माळी: पांढरा थर वरच्या मातीसकट खरवडून टाका. पामच्या प्रत्येक खोडात मधोमध न उघडलेलं, भाल्यासारखं पान असतं, ते हलकेच ओढा. हातात आलं तर बहुतेक ते खोड गेलं, बुडातून कापा. घट्ट असेल तर ठेवा. मनीप्लांटचे गाठ असलेले तुकडे बाटलीत पाण्यात लावून ठेवा, म्हणजे मूळ वेल गेली तरी रोप हाती राहील.

बीडवाला: चमचाभर युरिया टाका, हिरवंगार होतंय बघा.

परभणीचा माळी: नका हो दादा! मुळं आधीच अर्धमेली, युरियानं उरलीसुरली जळतील. नवी पानं येऊ द्या, मग मूठभर कुजलेलं शेणखत. तोवर उजेडात पण उन्हाबाहेर, आणि कूलरच्या झोतापासून लांब. माती बदलायची ती पावसाळा लागल्यावर, निम्मी लाल माती घालून.