मदत हवी आहे : गाड्या विस्कळीत झाल्यावर प्रवाशांचा उशीर कसा मोजावा?

नमस्कार. मी कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून, पुराच्या दिवसांतील कोल्हापूर–मिरज मार्गावरील गाड्यांचे फेरनियोजन हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरामुळे वाहतूक बंद पडली, तेव्हा मिरजेवाचून दुसरी रेल्वेवाट नव्हती.

सर्व गाड्यांच्या उशिराची बेरीज कमीत कमी ठेवणारे गणित मला मांडता येते, परंतु जोडगाडी (उतरून पुढच्या प्रवासासाठी पकडायची गाडी) चुकलेला माणूस त्यात दिसतच नाही, आणि हीच गोष्ट मला फार खटकते. गेल्या पावसाळ्यात आमची गाडी जेमतेम बारा मिनिटे उशिरा पोहोचली, आणि औषधांची पिशवी छातीशी धरलेल्या माझ्या आईला पुढच्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा दूर जाताना पाहावा लागला. नोंदीत उशीर बारा मिनिटांचा. तिचा पाच तासांचा.

तेव्हा जोडगाडी किती वेळ थांबवावी हे ठरवताना उतरून धावणारे, आधीच आत बसलेले आणि पुढील स्थानकांवर ताटकळणारे प्रवासी यांना गणितात किती भार (म्हणजे महत्त्व) द्यावा? शिवाय आरक्षण नसलेल्या प्रवाशांची संख्या कशी अंदाजावी? वाहतूक नियोजनात काम केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.