चार्ल्स्टनची ग्रंथखोली : आपले अनुभव

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात, फर्ल गावाजवळ, चार्ल्स्टन हे जुने शेतघर आहे. व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे चित्रकार जोडीदार १९१६ मध्ये तेथे राहायला आले आणि भिंती, दारे, फर्निचर असे सारे स्वतःच रंगवत राहिले. तेथील ग्रंथखोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

ब्रायटन : आत शिरल्यावर माझे लक्ष पुस्तकांकडे नव्हे, खिडकीकडे गेले. तिच्या वरच्या बाजूस कोंबडा आणि खालच्या बाजूस कुत्रा, अशी ग्रँटने काढलेली चित्रे आहेत. ग्रंथखोलीत कोंबड्याचे काय काम, असे मी विचारलेच. ही मुळात व्हनेसाची झोपण्याची खोली; कोंबड्याने तिला सकाळी उठवावे आणि कुत्र्याने रात्री तिची राखण करावी, ही ग्रँटची कल्पना. १९३९ मध्ये तिचे पती, कलासमीक्षक क्लाइव्ह बेल, येथे कायमचे राहायला आले, तेव्हा व्हनेसा तळमजल्यावर गेली आणि ही खोली पुस्तकांना मिळाली. चित्रे मात्र जागची हलली नाहीत. पतीचे ग्रंथ आणि जोडीदाराची चित्रे एकाच खोलीत कशी नांदतात, हे भारतातून आलेल्या पाहुण्यांना समजावताना माझी तारांबळ उडते.

पुणे : मुलाकडे गेलो असताना पाहिली. पुस्तकांना हात लावता येत नसल्याने माझ्यासारख्या वाचकाची थोडी निराशाच झाली.

लंडन : मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करते, त्यामुळे मला कोंबड्याइतकेच त्याच्या रंगाचे कुतूहल होते. हे घर त्यांच्या मालकीचे नव्हते, भाड्याचे होते. (मुंबईत आम्ही भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वीही घरमालकाला विचारत असू.) शंभर वर्षे टिकावे म्हणून येथे कोणी रंगवले नव्हते; मनाला आले तसे, हाताशी असलेल्या रंगांनी रंगवले. ग्रँट १९७८ मध्ये वारले, तोवर घर ओलीने बरेच खराब झाले होते. अशा वेळी भिंत नव्याने गुळगुळीत करून चित्र पुन्हा काढणे सोपे असते, पण मग तो ग्रँटचा कोंबडा राहत नाही. १९८६ मध्ये घर लोकांसाठी खुले झाले, त्याआधी जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढचा खरा पेच हाच असणार, असे मला वाटते.