मदत हवी आहे: नववी-दहावीची लेकरं उतारा घडाघडा वाचतात, पण समजत काहीच नाही

काळी माती:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या बाजूला नववी-दहावीला मराठी शिकवतो, नववीचा पट ५२. अडचण अशी की उभं राहून वाच म्हटलं तर लेकरं वाचतात, काहीजण तर एसटीचा कंडक्टर गावांची नावं घेतो तसं एका दमात, पण काय वाचलं रे म्हणून विचारलं की फळ्याकडं बघत बसतात.

मागच्या आठवड्यात मीच एक छोटा उतारा लिहून दिला. त्यात वाक्य होतं, 'पाऊस लांबला तरी विठोबाने उधारीवर बी आणून पेरणी उरकली, कारण गेल्या साली थांबून त्याने हात पोळून घेतले होते.' प्रश्न, गेल्या साली विठोबाने काय केलं? तीसच्या वर पोरांनी लिहिलं 'पेरणी उरकली'. नऊ जणांनी लिहिलं 'हात पोळले', आणि एकानं तर वर मलम पण लावलं (आधी हसू आलं, मग रडू). तो पेरणी न करता थांबला होता हे लिहिणारे चारच. अहो ह्यांच्या घरी दर मिरगाला हाच विषय असतो! बापाशी बोलताना ह्याच पोरांना सगळं कळतं, कागदावर आलं की डोकं बंद.

माझ्या लक्षात आलं ते एवढंच की ही लेकरं वाचतच नाहीत, शोधतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात कुठं आहे ते बघायचं आणि ते वाक्य उचलून आणायचं. त्यांचा दोष कमी, आपणच गाईडमधल्या उत्तरांखाली पेन्सिलीनं रेघा मारून देतो, मी पण दिल्यात, खोटं कामून बोलू. आळीपाळीनं मोठ्यानं वाचन, फळ्यावर शब्दार्थ, 'घरी पेपर वाचा' (पेपर येतो कुणाच्या घरी?) सगळं करून झालं. तासिका ३५ मिनिटांची, त्यातली पाच हजेरीत जातात. कोणी वर्गात खरंच करून बघितलेलं काही असेल तर सांगा, ट्रेनिंगमधल्या पीपीटी मला पण पाठ आहेत.

रिटायर मास्तरीण, नांदेड:
सर, आधी सगळ्यांना एका पोत्यात भरू नका. एकेकाला व्हरांड्यात बोलवा आणि अनोळखी उतारा एक मिनिट वाचायला लावा, धडा नको, धडा पाठ असतो. 'असर' म्हणून शिक्षणाची पाहणी असते, तिच्या २०२३ च्या सर्व्हेत गावाकडच्या १४ ते १८ वयाच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर दिला होता, त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला तो आपल्या भाषेत सुद्धा सरळ वाचता आला नाही. तुमच्याकडं पण काहीजण निघतील ज्यांची गाडी 'वर्चस्व' आणि 'दुष्काळग्रस्त'लाच बंद पडते. त्यांची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जाते, पूर्णविरामापर्यंत पोचेस्तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली असते. ह्या लेकरांना आकलनाच्या युक्त्या शिकवून काय उपयोग? शंभरेक शब्दांचा एकच उतारा चार दिवस रोज जोडीदारासमोर वाचायला लावा, किती सेकंद लागले ते वहीत लिहायचं आणि शेवटी एका वाक्यात काय वाचलं ते सांगायचं. ते एक वाक्य सोडू नका, नाहीतर नुसती शर्यत होते. माझ्याकडं झालीच होती.

तांड्यावरचा सर:
मी किनवटकडं आहे. निम्मी लेकरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, बाकीची आपली बोली, आणि पुस्तकातली मराठी दोघांनाही परकीच. एक गोष्ट मला लई उशिरा कळली. आपण शब्दार्थ देतो ते 'विलोभनीय' आणि 'औदार्य'चे, पण लेकरू अडतं 'तरी', 'अन्यथा', 'किंबहुना', 'वगळता' असल्या बारक्या शब्दांवर. त्यांचा अर्थ कुणी फळ्यावर लिहीतच नाही. तुमच्या विठोबाच्या वाक्यात पण 'तरी', 'कारण' आणि 'थांबून' ह्या तिघांतच सगळा जीव आहे बघा.

मी दोन वाक्यं देतो. पाऊस आला. शाळा भरली. आता जोडा. 'पाऊस आला तरी शाळा भरली' आणि 'पाऊस आला म्हणून शाळा भरली'. दुसरं वाक्य चूक म्हणायचं नाही, ते कुठं खरं ठरेल ते सांगा म्हणायचं. एक पोरगी म्हणली, सर, पाऊस आला की शेतातली कामं बंद, मग आमच्या वर्गात गर्दी होते! तसंच 'सखूने जावेला सांगितलं की तिच्या आईला बरं नाही'. आई कुणाची? पेन्सिलीनं बाण काढायचा, आणि बाण दोन्हीकडं जाऊ शकतो हे पण कळलं पाहिजे. रोज पाच मिनिटं, जास्त नाही.

आणि वाचायच्या आधी विषयावर गप्पा मारा. १९८८ चा अमेरिकेतला एक अभ्यास आहे, सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढं गेली. आपल्याकडं क्रिकेट घाला, तेच दिसंल.

बोर्डाचा पेपर:
सगळं छान आहे हो, पण वेळ कुणाकडं आहे? दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या ८० मार्कांत अपठित गद्याला (पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला) ४. चार मार्कांसाठी बाण काढत बसू का? निकाल कमी लागला तर जिल्हा परिषदेचे सीईओ साहेब मला विचारणार, तुम्हाला नाही.

रिटायर मास्तरीण, नांदेड:
सर, पेपर परत एकदा उघडून बघा. उपयोजित लेखनात पत्राला पर्याय म्हणून सारांशलेखन असतं, ६ मार्कांचं, आणि तो सारांश त्याच अपठित उताऱ्याचा. पठित उताऱ्यांवर आकलनाच्या कृती असतात त्या वेगळ्याच. आणि इतिहास, विज्ञानाचा पेपर काय न वाचता सोडवतात का? गणितात सुद्धा शाब्दिक उदाहरणाला लेकरं पाण्यात बघतात ते कामून?

बोर्डाचा पेपर:
सारांशाचं बरोबर आहे. आमची पोरं पत्रच लिहितात, त्याचा साचा पाठ असतो म्हणून. बाकी वेळेचं माझं म्हणणं कायम.

उदगीरची ताई:
मी एक पद्धत चालवते, रेसिप्रोकल टीचिंग म्हणतात, १९८४ साली पॅलिंक्सर आणि ब्राउन ह्या दोघींनी त्यावर लिहिलं. चार कामं असतात. पुढं काय येईल त्याचा अंदाज बांधायचा, प्रश्न काढायचा, अडलेलं सोडवायचं आणि थोडक्यात सांगायचं. माझ्याकडं चौघांचा गट, चार चिठ्ठ्या, प्रत्येक परिच्छेदाला चिठ्ठी पुढच्याकडं सरकते. पण सुरुवातीला सरळ गट पाडू नका! मी पाडले आणि पहिले आठ दिवस नुसता बाजार भरला होता. आधी आठ-दहा तासिका तुम्ही स्वतः वर्गासमोर मोठ्यानं विचार करत वाचा. 'हात पोळून घेतले, म्हणजे खरंच भाजले का? चूल तर कुठं आलीच नाही, मग हे नुकसानीबद्दल असणार, थांब, मागं जाऊन बघतो.' असं. मास्तर पण अडतो आणि मागं जातो हे लेकरांनी कधी बघितलेलंच नसतं, त्यांना वाटतं हुशार माणसाला एका वाचनात कळतं.

प्रश्न काढणाऱ्याला एकच नियम, उत्तर एका वाक्यातून उचलता आलं तर तो प्रश्न बाद.

काळी माती:
मंडळी, पोळा झाला, आता कुठं सवड मिळाली. व्हरांड्यातली एक मिनिटाची टेस्ट घेतली, अकरा जण अक्षरांशीच झगडणारे निघाले, त्यातली तीन नावं मला सपान पडलं असतं तरी सुचली नसती, वर्गात शेजाऱ्याचं ऐकून ओठ हलवायचे. त्यांचं जोडीवाचन मधल्या सुट्टीआधी चालू केलंय.

बाकीच्यांसाठी लातूरच्या पाण्याच्या रेल्वेवर उतारा लिहिला. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी लातूरला आली, १० टाक्या, एकेकीत साधारण ५० हजार लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजाराच्या वर. आधी गप्पा मारल्या, ही लेकरं तेव्हा अंगणवाडीच्या वयाची, पण टँकरमागं घागर घेऊन पळाल्याचं घरोघर सगळ्यांनी ऐकलेलं. मग प्रश्न काढा म्हटलं. पहिले पंधरा प्रश्न 'गाडी कोठून आली', 'किती टाक्या होत्या', ताईंच्या नियमानं सगळे बाद. वर्ग शांत. मग मागच्या बाकावरचा एकजण वहीच्या मागच्या पानावर भागाकार करून म्हणला, सर, हे तर माणशी दीड लिटर पण भरत नाही, मग गाडी आणली कशाला? त्यावर जी चर्चा झाली ती तासिका संपली तरी थांबंना. कुणी म्हणे दवाखान्यासाठी, कुणी म्हणे पुढं मोठ्या गाड्या येणार असतील, कुणी म्हणे फोटोसाठी. उताऱ्यात कुठं आधार आहे ते दाखवा म्हटल्यावर सगळे परत कागदात घुसले. स्वतःहून दुसऱ्यांदा वाचताना मी हा वर्ग पहिल्यांदा बघितला.

लगेच हुरळून जाऊ नका, चिठ्ठ्यांचा प्रयोग माझा सपशेल पडला, ५२ जणांचे तेरा गट एका खोलीत मावत नाहीत, शेजारच्या वर्गातून मॅडम दोनदा येऊन गेल्या. आता आठवड्यातून एकदा, तेही ग्राउंडवर, पाऊस नसला तर. विठोबाच्या धर्तीवर नवीन उतारा दिला तेव्हा बरोबर उत्तरं सतरा. म्हणजे पस्तीस जण अजून शोधायलेतच.

आता खरा प्रश्न. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली आठ लेकरं आईबापासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणार, परत येणार मार्च-एप्रिलात. त्यातली चार ह्या अकरातली. घरी आजी असलेल्या दोघांना ठेवून घ्यायचं बोलणं चालू आहे, बाकीच्यांचं अवघड दिसतं. पाल टाकलेल्या ठिकाणी एक मोबाईल, तो पण बापाकडं, चार्जिंग नसतंच. त्यांच्यासोबत कागदावर काय द्यावं? रोज एक उतारा आणि एक प्रश्न असं शंभर पानांचं काहीतरी डोक्यात आहे, पण तपासणार कोण? बीड, धारूर, केजकडच्या सर-मॅडमनी कुणी असं काही केलं असंल तर लिहा, मी पानं तयार करायला बसलोय.