लॅबचे 2015 चे कॉम्प्युटर बदलून पाहिजेत, फाईलमध्ये नेमकं काय लिहू?

कपाशी_नकाशा
नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर आहे, संस्थेचं नाव सांगत नाही. आमचं काम म्हणजे सॅटेलाईट इमेजवरून कपाशीचं क्षेत्र काढायचं. सेंटिनेल-2 या सॅटेलाईटच्या टाईल्स, म्हणजे इमेजचे चौकोनी तुकडे, उतरवायच्या, ढगांचा भाग काढून टाकायचा आणि मग कपाशी कुठं, सोयाबीन कुठं, तूर कुठं हे वेगळं करायचं. विदर्भाचे 11 जिल्हे, 97 हजार चौरस किलोमीटरच्या वर एरिया. पावसाळ्यात ढगांमुळे फार काही हाती लागत नाही, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघालं की शेतात कपाशी आणि तूर उभी राहते आणि तेव्हाच्या इमेजेस सगळ्यात कामाच्या, म्हणजे वर्षभराचं काम त्या दीड-दोन महिन्यात एकदम अंगावर येतं.

मशीन सहा आहेत, सगळ्या 2015 च्या, 8 जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. उन्हाळ्यात पारा 45 ला टेकला की आम्ही दोन मशीनचं साईडचं कव्हर काढून समोर टेबल फॅन लावतो, नाहीतर तापून इतक्या स्लो होतात की माऊस हलत नाही. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सहाला क्लासिफिकेशन (पिकं वेगळी करायचा जॉब) लावून घरी गेलो, सकाळी येऊन पाहतो तर 83 टक्क्यांवर मेमरी एरर. रात्र गेली आणि दिवस पण गेला, कारण परत पहिल्यापासून.

फाईल दोनदा परत आली. दोन्ही वेळा निळ्या शाईत एकच ओळ, आहेत त्या सिस्टीम चालू आहेत. आता चालू तर आहेतच, खोटं कसं म्हणू? ज्यांनी असली फाईल पास करून घेतली त्यांनी सांगा, लिहायचं काय?

स्टोअर_पर्चेस_निवृत्त
भाऊ, मी आयुष्यभर स्टोअर-पर्चेसमध्येच होतो, अशा मागणीच्या नोटा ढिगानं पाहिल्या. तो रिमार्क लिहिणारा माणूस तुमचा दुश्मन नाही. उद्या ऑडिटवाला त्यालाच विचारणार, चालू मशीन असताना नवीन काहून घेतल्या? त्याला द्यायला उत्तर तुमच्या नोटमध्ये नसेल तर तो सही करत नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर मी पण केली नसती.

म्हणून "जुने झाले", "फार स्लो चालतात" हे पहिले काढून टाका. कोणतं काम, कोणत्या तारखेला द्यायचं होतं, मशीनमुळे किती दिवस मागे पडलं, हे लिहा. दोन आठवडे एक साधं रजिस्टर ठेवा: तारीख, मशीन नंबर, काय लावलं, कधी लावलं, कधी संपलं, का बंद पडलं. तुमचा तो 83 टक्क्यांवाला किस्सा स्क्रीनच्या फोटोसकट त्यात आला पाहिजे. पीआयची, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुखाची, सही दर आठवड्याला घ्या, एकाच दिवशी सगळ्या सह्या घेतल्या की ते रजिस्टर बनवलेलं आहे हे दुरून कळतं.

आणि सहा मशीन आहेत म्हणून दोन-दोन करून तुकड्यात घ्यायच्या फंदात पडू नका. मोठ्या मंजुरीतून सुटायला मागणी तोडायची नाही हे केंद्र सरकारच्या खर्चाच्या नियमांत, जीएफआर 2017 च्या नियम 157 मध्ये स्पष्ट आहे, त्यावर ऑब्जेक्शन आलं की पीआयला उत्तरं देता देता वर्ष जातं.

बर्डीचा_हार्डवेअरवाला
फाईलच्या आधी मशीन तपासा ना. सीताबर्डीला दुकानात रोज लोक येतात नवीन कॉम्प्युटर पाहिजे म्हणून, आणि अर्ध्यांचं काम एसएसडी, म्हणजे नवीन प्रकारची वेगवान डिस्क, टाकली की होऊन जातं. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, डिस्क सारखी 100 टक्के दिसते का रॅम भरते का प्रोसेसर, ते पाहा आणि फोटो काढा. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला 100-150 एमबी देते, साधी साटा एसएसडी 500 च्या वर. इमेजच्या कामात बारीक बारीक तुकडे वाचायचे असतात, तिथं तर फरक याहून कितीतरी जास्त.

अजून एक, डेटा सर्व्हरवरून ओढता का? मग स्विच, म्हणजे सगळ्या मशीन नेटवर्कला जोडणारा डबा, कोणता आहे ते पाहा. जुना 100 एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला 12 एमबीच्या वर काही मिळत नाही, मशीन कितीही भारी घ्या.

जेआरएफ_वर्धारोड
आम्ही आमच्या नोटमध्ये तासांचा हिशोब दिला होता. जेआरएफ, म्हणजे संशोधकाची फेलोशिप, महिन्याला 37 हजार, महिन्याचे 22 दिवस, दिवसाचे 8 तास धरले तर तासाला 210 रुपये. तिघांचे रोज दोन-दोन तास मशीनची वाट पाहण्यात जातात, म्हणजे दिवसाला 1260 आणि महिन्याला 27 हजार 720. एचआरए धरलाच नाही. आकडा पाहून आमच्या डायरेक्टरनी दोनदा विचारलं की हे खरं आहे का.

स्टोअर_पर्चेस_निवृत्त
ताई, हिशोब चांगला आहे, डायरेक्टरला दाखवायला उत्तम. पण अकाउंट्सवाला म्हणेल फेलोशिप तर तशीही जाणारच आहे, मशीन नवीन घेतली तर ती वाचणार आहे का? त्याच्यासमोर तो मुद्दा टिकत नाही. तिथं डिलिव्हरेबल (द्यायचं ठरलेलं काम) टिकतो. नकाशा नोव्हेंबरअखेर द्यायचा होता, जानेवारीत गेला, हे फंडिंग एजन्सीला लेखी कळवावं लागलं, ते पत्र जोडा.

कपाशी_नकाशा
पंधरा दिवसांनी येऊन राहिलो, सॉरी. रजिस्टर ठेवलं. 14 दिवसांत मोठे जॉब 11 लावले, त्यातले 4 मध्येच पडले, चारही वेळा रॅम भरून. बाकीच्या वेळी डिस्क 100 टक्क्यांवर चिकटलेली आणि प्रोसेसर आरामात 20-25 वर.

आणि दादा, स्विच! कपाटाच्या मागे धुळीत होता, पुसून पाहिलं तर खरंच 100 चा. 800 एमबीची टाईल एकट्यानं ओढली तर सव्वा मिनिट, तिघांनी एकदम ओढली तर चहा पिऊन या. इतकी वर्षं आम्ही मशीनलाच दोष देत होतो, खूप वाईट वाटलं. बाजूच्या सेक्शनकडून गिगाबिटचा एक दिवसासाठी मागून आणला, तीच टाईल आठ सेकंदात आली.

म्हणून मागणी बदलतोय. तीन वर्कस्टेशन नवीन, बाकी तीन मशीनला एसएसडी आणि 16 जीबी रॅम, आणि एक स्विच. नवीन तिन्हीसाठी दुसरं कारण म्हणजे विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमचे 2015 चे त्यात बसतच नाहीत. ज्या तीन ठेवणार त्यांच्यावर लिनक्स टाकू, क्यूजीआयएस आणि स्नॅप ही आमची नकाशा-इमेजची सॉफ्टवेअर दोन्ही तिथं नीट चालतात, मी घरच्या लॅपटॉपवर करून पाहिलं.

क्रोमॅटोग्राफी_वाली
एक कळकळीची विनंती, इन्स्ट्रुमेंटला जोडलेले कॉम्प्युटर या फाईलमध्ये घुसवू नका. आमच्या जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफ, सॅम्पलमधले घटक वेगळे करणारं यंत्र) कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर आहे कारण त्याचं कार्ड आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही, आणि एका उत्साही माणसानं तो "अपग्रेड" करायला घेतला तेव्हा आमचं यंत्र दोन महिने बंद होतं. सॅम्पल फ्रीजमध्ये पडून, विद्यार्थिनी रडकुंडीला. असल्या मशीनची डिस्क इमेज, म्हणजे डिस्कची पूर्ण नक्कल, काढून ठेवा, नेटवर्कपासून तोडा आणि तशीच राहू द्या.

स्टोअर_पर्चेस_निवृत्त
आता फाईल झाली तुमची. मागणी निम्मी करून आणली की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि ती निम्मी का केली हे पण लिहा. असं काहीतरी:

"दि. अमुक ते तमुक या 14 दिवसांत 11 पैकी 4 विश्लेषणे अपुऱ्या मेमरीमुळे अपूर्ण राहिली (नोंदवही जोडली आहे). तपासणीत नेटवर्क स्विच व हार्ड डिस्क याही अडचणी आढळल्या. सहापैकी तीन संगणक किरकोळ सुधारणेने वापरण्याजोगे होतात, म्हणून नवीन मागणी तीनपुरतीच मर्यादित ठेवली आहे."

स्पेसिफिकेशनमध्ये ब्रँडचं नाव टाकू नका. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर आधी शोधून पाहा, तिथं बसणारं मिळालं तर तिथूनच. रॅम 64 लिहाल तर बाजूला लिहा की एक जॉब किती खातो, म्हणजे कोणी 16 चं देऊन मोकळं होणार नाही. जुन्या तिन्ही मशीन राईट-ऑफला टाकताना डिस्क काढून डेटा पुसल्याची नोंद ठेवा, आणि भंगारवाल्याला नाही, नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्यालाच द्या.

फाईल शिपायाच्या हाती पाठवू नका. सकाळी अकराला स्वतः घेऊन जा, रजिस्टर सोबत ठेवा, आणि तो पुसलेला जुना स्विच पण पिशवीत टाकून न्या.