आवाज न येणारी हॉटेल रूम आधीच कशी ओळखायची?

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी तीन रात्री शहराच्या अगदी मध्यावरच्या हॉटेलात राहिले आणि तिन्ही रात्री झोपेचं पार खोबरं झालं. फोटो मस्त, रेटिंग चांगलं, मीटिंगची जागा चालत पाच मिनिटांवर, म्हणून डोळे झाकून बुक केलं (डोळे झाकले ते तेवढेच, नंतर मिटलेच नाहीत). खिडकीखाली सिग्नल, लाल असला की इंजिनांची घरघर आणि हिरवा झाला की सगळ्यांचे हॉर्न एकदम, ते जरा थंडावलं की लिफ्टचं टिंग, कॉरिडॉरमधून बॅगांची चाकं, आणि शेजारच्या रूममधला टीव्ही तर इतका स्पष्ट की बातम्या मला पाठ झाल्या. दोन रूमच्या मध्ये एक कुलूपबंद दार होतं हे मला दुसऱ्या दिवशी पडदा सरकवल्यावर दिसलं!! चेकआउटला तक्रार केली तर रिसेप्शनवाला म्हणतो, मॅडम पहिल्याच रात्री बोलायचं ना.

पुढच्या महिन्यात परत त्याच शहरात चार रात्री जायचंय. इयरप्लग वापरून बघितले, अर्ध्या तासात उशीवर पडलेले असतात. काय करू?

प्रतिसाद १
रिसेप्शनवाला आगाऊ वाटला तरी त्याचं चुकलं नाही हो. मी काही वर्षं फ्रंट डेस्कला होतो. रात्री फोन केला तर रूम रिकामी असल्यास बदलून मिळते, निदान शेजाऱ्याला टीव्ही कमी करायला सांगता येतं, तक्रारीची नोंदही होते. निघताना सांगितलं की सॉरीपलीकडे फारसं काही हातात नसतं.

दुसरं म्हणजे हॉटेल शांत की गोंगाटाचं असं बघू नका, रूम बघा. एकाच मजल्यावर रस्त्याकडची आणि मागची रूम यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बुकिंग झालं की हॉटेलला थेट फोन करा आणि नुसतं शांत रूम द्या असं म्हणू नका, सगळेच हो म्हणतात. नेमकं सांगा: आतल्या बाजूची, लिफ्ट आणि जिन्यापासून लांब, कनेक्टिंग दार नसलेली, खाली हॉल किंवा वर गच्चीवरचा बार नसलेली. जनरेटर आणि एसीची मोठी युनिटं कुठल्या बाजूला आहेत तेही विचारा, कारण मागची बाजू म्हणून खूश व्हायचं आणि रात्रभर ती घरघर ऐकायची असंही होतं.

प्रतिसाद २
वरचा मजला घ्या म्हणजे आवाज येत नाही असं लोक सांगतात त्यावर फार जाऊ नका, रस्ता खिडकीतून सरळ दिसत असेल तर आवाजही सरळच येतो. खिडकीला दुहेरी काच आहे का विचारा, आणि फटी! काच कितीही जाड असली तरी खिडकी नीट बंद होत नसेल तर उपयोग शून्य. दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून ठेवते मी, कॉरिडॉरचा आवाज बराच कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीत सरासरी आवाज 30 डेसिबलच्या आसपासच असावा असं आहे, म्हणजे कुजबुजीइतका. तुमच्या सिग्नलवर ते कुठून जमायचं :D

प्रतिसाद ३
इयरप्लग बाहेर येतात म्हणजे बहुतेक नीट बसत नाहीयेत. फोमचे असतील तर बोटांनी अगदी बारीक वळकटी करायची, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सारून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर पडणारच. तरी इंजिनांची घरघर थोडी राहतेच, त्यावर मी फोनवर पावसाचा आवाज बारीक लावून ठेवतो. आणि नव्या जागी पहिल्या रात्री झोप तशीही कच्चीच लागते, सगळं खापर हॉटेलवर नको.

प्रतिसाद ४
रिव्ह्यू नव्यापासून लावा आणि त्यात 'आवाज', 'झोप' शोधा. एकूण रेटिंगवर जाऊ नका, नाश्ता आवडला म्हणूनही लोक पाच तारे देतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! दुसऱ्या हॉटेलला फोन करून प्रतिसाद १ मधली यादीच वाचून दाखवली. पलीकडची बाई आधी हसली, मग म्हणाली एक रूम आहे तशी, कोपऱ्यातली, फक्त खिडकीतून भिंत दिसते.
म्हटलं दिसू दे, तीच द्या.