पोर्शे ९१४: पेट्रोल पंप पुढे हलवावा की मागेच राहू द्यावा?

बॉक्सर_चार
१९७० ते १९७४ च्या चार सिलिंडरवाल्या ९१४ मध्ये टाकी पुढे आहे आणि पंप मागे, इंजिनच्या खोलीत उजव्या अंगाला, एक्झॉस्टच्या धगीवर हीटरची हवा तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या शेजारी. वर बॅटरी, खाली भट्टी. बॉशचा हा रोलर पंप ढकलण्यात पटाईत आहे, ओढण्यात कमजोर. त्याला पुढच्या टाकीतून दोन सीटांच्या मधल्या बोगद्यातल्या लांब नळीने पेट्रोल ओढायला लावायचं, तेही तापलेल्या जागी बसवून, ही मांडणीच मुळात चुकीची आहे.

उन्हाळी पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंशांना ६० किलोपास्कलच्या आसपास धरला, तर साध्या हवेच्या दाबाखाली ते साधारण ५५ अंशांना बुडबुडे सोडू लागतं. ओढताना नळीत २० किलोपास्कलची घट झाली की हाच आकडा सातेक अंशांनी खाली येतो. गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा, हीट एक्स्चेंजरची सगळी धग वर येते आणि पंपाच्या तोंडाशी पेट्रोलऐवजी वाफ असते. मग सेल्फ मारत बसा.

कारखान्यालाही हे पटलं होतं. १९७५ आणि १९७६ च्या गाड्यांमध्ये पंप पुढे, टाकीखाली, स्टीअरिंग रॅकच्या शेजारी गेला. तिथे पेट्रोल आपल्या वजनाने पंपात उतरतं, ओढायचा प्रश्नच उरत नाही. पुढची सगळी नळी २ बार दाबाखाली येते आणि त्या दाबाला उकळायचं तापमान नव्वदीच्या घरात जातं. माझं मत स्पष्ट आहे: ७४ पर्यंतची गाडी नियमित चालवायची असेल तर पंप पुढे न्या. विरोधी मतं ऐकायला आवडतील, पण कारणांसकट.

मूळस्थिती
कारणांसकट विरोध करतो.

याच जागी पंप असलेल्या गाड्या नव्या होत्या तेव्हा रोज उन्हात चालत होत्या. जागा वाईट आहे हे मान्य, पण आज जो त्रास होतो त्यातला मोठा वाटा पन्नास वर्षांच्या हेळसांडीचा आहे. पंप हलवण्याआधी पुढच्या गोष्टी कोणी बघतं का?

इंजिनभोवतीचा पत्रा आणि त्याच्या कडेची रबरी पट्टी. एअर-कूल्ड इंजिनात वरची थंड हवा आणि खालची गरम हवा वेगळी ठेवायचं काम ही पट्टी करते. ती फाटली की खालची धग वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. दुसरं, हीटरच्या झडपा आणि त्यांचे पाइप. हीटर नको म्हणून लोक ते काढून टाकतात, मग एक्स्चेंजरची गरम हवा मोकळी सुटते ती थेट पंपाच्या परिसरात. तिसरं, टाकीच्या तळाची जाळी. गंजाने ती अर्धी बुजली की पंपाला ओढावं लागणारं बळ वाढतं, आणि तुम्ही मांडलेली ती २० किलोपास्कलची घट तिथेच तयार होते. चौथं, टाकीचा श्वास. पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जाणारी नळी चेपली असेल तर टाकीत निर्वात साचतो. चाचणी सोपी आहे: त्रास होत असताना टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर पंपाला हात लावायची गरजच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद केल्यानंतरचा दाब. रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, टी-जोड टाकून गेज लावा. डी-जेट्रॉनिक या बॉशच्या इंजेक्शन प्रणालीला चालू स्थितीत २ बार, १.८ लिटर इंजिनाच्या एल-जेट्रॉनिकला साधारण अडीच. इंजिन बंद केल्यावर काटा मिनिटभरात शून्यावर आला, तर पंपाची वनवे झडप, दाब ठरवणारा रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. दाब गेला की रेलमधलं पेट्रोल उकळणारच, मग पंप पुढे असो की मागे. शोधायचं कसं? बंद करताक्षणी पंपानंतरचा रबरी होज चिमटा. दाब टिकला तर झडप दोषी. नाही टिकला तर जादा पेट्रोल टाकीकडे नेणारा परतीचा होज चिमटून बघा, आता टिकला तर रेग्युलेटर. तरीही पडला तर इंजेक्टर. फक्त रबर चिमटायचं, प्लास्टिकची नळी कधीही नाही.

हे सगळं न करता पंप हलवणारा दोन दिवस खर्च करतो आणि त्रास तसाच राहतो.

बॉक्सर_चार
यादी योग्य आहे, आधी तपासावं हेही मान्य. पण यातलं सगळं ठीक असलेली गाडीसुद्धा अडते. युरोपात हिवाळी पेट्रोलचा बाष्पदाब ९० किलोपास्कलपर्यंत असू शकतो. एप्रिलात एखादा दिवस कडक तापला आणि टाकीत अजून हिवाळी पेट्रोल असेल, तर ते साध्या दाबाला चाळिशीतच उकळू लागतं. शिवाय १० टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल बाष्पदाब आणखी वाढवतं. १९७० साली या पंपाची जागा ठरवणाऱ्यांसमोर हे पेट्रोल नव्हतं. रबरी पट्टी कितीही नवी घाला, बंद इंजिनाचा पंखा फिरत नाही.

नळीजोड
दोघेही पंपाबद्दल बोलताय. खरा प्रश्न नळीचा आहे आणि त्याबद्दल अजून एक शब्द आलेला नाही.

पंप मागे असतो तेव्हा बोगद्यातल्या पुरवठ्याच्या नळीत दाब जवळपास नसतो. पंप पुढे नेला की तीच नळी २ बार दाबाखाली येते. ती दोन सीटांच्या मधून जाते. आणि ती प्लास्टिकची आहे. ७५ मध्ये कारखान्याने पंप पुढे नेताना प्लास्टिकच ठेवलं होतं हे खरं, पण तेव्हा ते नवं होतं. आज ते कडक होऊन ठिसूळ झालंय. मागच्या भिंतीतून इंजिनच्या खोलीत जिथे बाहेर येतं तिथे उष्णतेने ते सगळ्यात जास्त वाळलेलं असतं. होज काढताना हात लागला तरी कटकन मोडतं. म्हणून माझं मत: नळ्या बदलणार नसाल तर पंप हलवू नका. आणि बदलणार असाल तर आधी नळ्या, मग पंप.

कामाचा क्रम असा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. टाकी भरली तर ६२ लिटरची असते, ती जवळजवळ रिकामी असताना काम काढा आणि टाकी उतरवाच. खालून चाचपडत होज लावणं म्हणजे एक क्लॅम्प आंधळेपणाने आवळणं. टाकी बाहेर आली की जाळी धुऊन होते, आतला गंजही दिसतो.

बोगद्यात स्टेनलेसच्या दोन नळ्या घाला, पुरवठ्याची ८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची. परतीची नळी मूळ मापापेक्षा अरुंद करू नका. परतीत दाब साचला तर रेग्युलेटरचा स्क्रू कितीही सैल करा, रेलचा दाब २ बारवर येत नाही. चारही टोकांना फुगवटा काढून घ्या, सपाट टोकावरून होज दाबाने निसटतो. दोन्ही भिंतींत रबरी ग्रोमेट हवेत, आणि नळी गिअरच्या दांड्याला किंवा क्लच केबलच्या नळकांड्याला कुठेही टेकता कामा नये. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर टाकून बघा, कान बोगद्याला लावून.

होज एसएई जे३० या इंधन-होजच्या मानकातल्या आर९ दर्जाचाच, दाबाच्या बाजूला कमी दाबाचा आर७ नको. क्लॅम्प इंजेक्शनचे, गुळगुळीत पट्टीचे. भोकांच्या पट्टीचा साधा क्लॅम्प होजचं वरचं रबर कापतो आणि गळती वर्षभराने सुरू होते, जेव्हा तुम्ही तिकडे बघायचं सोडलेलं असतं.

तीन तोंडांचा जुना पंप वापरणार असाल तर तोंडांवरची अक्षरं वाचा: एस म्हणजे ओढणारं, डी म्हणजे दाबाचं, आर म्हणजे परतीचं. आर चं तोंड बंद करायचं नाही, पुढेच टी घालून परतीच्या नळीला जोडायचं. दोन तोंडांचा पंप घेतला तर हा प्रश्न मिटतो, तेवढी एक जोडणी कमी. पंप रबरावर बसवा, नाहीतर त्याची घरघर थेट पायाशी ऐकू येते.

फिल्टरचं: पंपाआधी फक्त जाड जाळी. बारीक कागदी फिल्टर पंपानंतर, आणि तो धातूच्या डब्यातला, इंजेक्शनच्या दाबाचा. दोनचाकीला लावतात तो पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर दाबाच्या बाजूला लावणं म्हणजे आगीला निमंत्रण.

खंबाटकी
आपल्याकडे घाट चढताना प्रीमियर पद्मिनीच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे, तो हाच आजार ना? तिथे तर पंप इंजिनावरच बसलेला. मग ९१४ लाही नुसता उष्णतारोधक पत्रा आणि नळीवर गुंडाळी पुरणार नाही का? एवढी तोडफोड कशाला?

मूळस्थिती
आजार तोच, रचना वेगळी. पद्मिनीचा यांत्रिक पंप कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल टाकतो. वाटीत थोडा साठा असतो, पंप क्षणभर अडला तरी तेवढ्यावर गाडी पुढे सरकते. इंजेक्शनला दाब सलग लागतो. बाकी तुमच्या सूचनेशी मी सहमत आहे: पंप आणि एक्स्चेंजर यांच्यामध्ये हवेची फट ठेवून पत्रा लावला तर फरक पडतो. नुसती गुंडाळी मात्र उलटी पडते. ती उष्णता आत जायला उशीर करते, तशीच बाहेर पडायलाही करते.

सॅन_होजेकर
वायरिंगबद्दल. पंपाची वायर मागच्या रिले बोर्डावरून येते. ती पुढे न्यायला साधारण चार मीटर लागतात. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, सात अँपिअरला सुमारे ०.२ व्होल्ट पडतात, चालतं. बारीक वायरीने पडझड वाढते आणि सेल्फ मारताना, बॅटरी आधीच खाली गेलेली असताना, पंप मंदावतो. अर्थिंग पुढेच, रंग खरवडून, पत्र्याला. रिलेजवळ १५ अँपिअरचा फ्यूज घाला.

रिले मात्र मूळचाच ठेवा. डी-जेट्रॉनिकमध्ये चावी फिरवली की पंप सेकंद-दीड सेकंद चालतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद पडतो. १.८ मध्ये हेच काम हवामापकाच्या पात्यावरचा कॉन्टॅक्ट करतो. म्हणजे धडक होऊन इंजिन बंद पडलं की पंपही बंद. सोय म्हणून पंप थेट इग्निशनला जोडणारे लोक ही सुरक्षितता काढून टाकतात. आता नळी केबिनमधून दाबाखाली जाणार आहे, तेव्हा हे अक्षम्य आहे.

इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवलेल्या गाड्यांना तर पंप बंद करणारा हा मेंदूच उरत नाही. त्यांनी धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच लावलाच पाहिजे. आणि २ बारचा पंप कार्ब्युरेटरला जोडायचा नाही, तिथे पाव बारही पुरतो. जास्त दाबाने फ्लोटची सुई उघडीच राहते आणि पेट्रोल इंजिनवर ओतत राहतं.

मूळस्थिती
हे वाचून माझा विरोध अधिकच पक्का होतोय. मागे ठेवलेल्या पंपात दाबाची नळी फक्त इंजिनच्या खोलीत असते, फुटली तरी ती माणसांच्या मधे नसते. पुढे नेल्यावर सुरक्षितता टिकवायला नवी नळी, नवा होज, नवा फिल्टर, नवी वायर आणि रिलेवर लक्ष. पाचातलं एक जरी कोणी टाळलं तर गाडी आधीपेक्षा धोकादायक होते. आणि टाळणारे असतातच.

नळीजोड
तो धोका मागेही आहे. बॅटरीचं आम्ल गळून खालचे होज आणि पंपाचे कनेक्टर खातं. ज्या कोपऱ्यात पत्रा गंजून सस्पेन्शनचा आधार कुजतो, त्याच कोपऱ्यात पंप बसलेला आहे. तिथला होज फुटला तर पेट्रोल गरम एक्स्चेंजरवर पडतं. या गाड्या जळल्याची उदाहरणं कमी नाहीत आणि त्यात फुटलेले होज वारंवार येतात. पंप पुढे नेला तरी इंजिनच्या खोलीतले होज राहतातच, म्हणून ते दोन्ही पक्षांनी बदलायचे. ठिसूळ प्लास्टिकची नळीही दोन्ही पक्षांना लागू आहे. दाब नसला तरी टाकीची पातळी वर असेल तर तुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहतच राहतं.

बॉक्सर_चार
मूळ धाग्यात नळ्यांचा उल्लेख हवा होता, तो वगळून सल्ला अपुरा राहतो. आता माझं म्हणणं असं: स्टेनलेसच्या नळ्या प्रत्येक ९१४ ला, पंप कुठेही असो. नळ्या घालायला टाकी उतरवलीच आहे, तर पंप पुढे नेण्याचं उरलेलं काम थोडंच आहे आणि तेव्हाच करून टाकावं. मागचा ब्रॅकेट आणि कनेक्टर कापू नका, टोपी घालून तिथेच ठेवा. ७४ पर्यंतची गाडी पुढे कोणाला मूळ रूपात आणायची असेल तर त्याला वाट राहते.

मूळस्थिती
नळ्यांबाबत पूर्ण सहमत. पंपाबाबत नाही. टाकी उघडलीच आहे म्हणून करणं हे कारण होत नाही. आधी गेज लावा, रबरी पट्टी बदला, जाळी धुवा, एक उन्हाळा चालवा. तरीही अडली तर पुढे न्या.

नळीजोड
कोणताही पक्ष घ्या, गाडी पुन्हा रस्त्यावर नेण्याआधी एवढं करा. पंपाचा रिले काढून त्याच्या जागेतली ३० आणि ८७ क्रमांकाची टोकं जोडा म्हणजे इंजिन न फिरवता पंप चालतो. दहा मिनिटं चालू ठेवा. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, भिंतीतल्या ग्रोमेटपाशीसुद्धा. अग्निशामक हाताशी, गॅरेजचं दार उघडं. रेलवर २ बार (१.८ ला अडीच) आहे का बघा, रेग्युलेटरचा स्क्रू लावून लॉकनट आवळा. पंप बंद करून दाब किती टिकतो ते लिहून ठेवा. नंतर पन्नास किलोमीटर चालवून, इंजिन तापलेलं असताना, सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा. नवा होज पहिल्या तापण्यात थोडा बसतो आणि क्लॅम्प सैल पडतो.